बरकतीचं माप

दिवाळी सरली की हे गाव निम्मं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, एखादी शेळी आणि सगळ्यात वर लेकरं, असं अख्खं घर रचून माणसं ऊसतोडीला निघतात, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला माघारी येतात. तोवर दारादाराला कुलूप. पाटोद्याहून आत डोंगराच्या अंगाला वळलं की हे गाव लागतं. रस्ता इथं येऊन थांबतो, पुढं जात नाही. छबुबाई ज्वारी निवडता निवडता स्वतःच जुळवलेली एक ओवी म्हणायची:

दिवाळी गं सरता सरता गाव निघालं तोडीला
कुलपं घराला लागली, शाळा राहिली जोडीला

त्या जोडीला राहिलेल्या शाळेत छबुबाईच्या मालकांनी, धोंडीराम गुरुजींनी, एकतीस वर्षं गणित शिकवलं. दिवाळीपर्यंत चाळीस लेकरं, दिवाळीनंतर पंधरा. पाडव्याला बाकीची परत यायची ती उन्हानं काळवंडून, बोटभर उंच होऊन आणि पाढे विसरून. गुरुजी कुणाला रागवायचे नाहीत. पाटी पुढ्यात घेऊन म्हणायचे, चल, कुठं सोडलं होतं आपण?

आता गुरुजी स्वतःच निघायच्या वाटेवर होते. कार्तिकात बीडच्या डॉक्टरांनी कागद बघून सत्यशीलेला बाजूला घेतलं आणि पौष निघाला तर नशीब, एवढंच सांगितलं. सत्यशीला त्यांची एकुलती लेक, त्यांना अण्णा म्हणायची; पुण्याच्या एका कंपनीत प्रोग्रामर. तिनं घरून काम करायची परवानगी काढली, नवऱ्याला आणि लेकीला पुण्यात ठेवलं आणि लॅपटॉपची बॅग घेऊन माहेरी आली. माजघरात वडिलांची खाट, खिडकीशी तिची खुर्ची. दिवसभर ती कंपनीचं काम करायची. ते संपलं की त्याच खुर्चीवर दुसरंच काही करत बसायची, आणि गुरुजींनी मान वळवली की स्क्रीन खाली करायची.

वडील जाण्याआधी तिला त्यांना एक गोष्ट चालताना दाखवायची होती. त्यांचीच केलेली, आणि तेरा वर्षांपूर्वी भंगारात गेलेली.

सत्यशीला तिसरीत होती तेव्हा एका साखर कारखान्यानं ऑफिसातून काढलेला संगणक शाळेला दिला होता. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटणारा. गुरुजींनी तो जीपमध्ये मांडीवर घेऊन आणला, नव्या नवरीसारखा. पण तो चालू कसा करायचा हे पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा गेवराईहून मकसूद चाचा आले. घरातले सगळे फळांच्या धंद्यात, चाचांचा हात मात्र विजेच्या कामात, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. संगणक लावून द्यायला म्हणून आले ते पुढं दोन वर्षं दर रविवारी येत राहिले. दोघं शाळेच्या खोलीत बसायचे, डोकी एकमेकांना लागतील इतकी जवळ. छबुबाई डबा पाठवायची आणि डबा संध्याकाळी तसाच परत यायचा.

त्या रविवारांतून एक भाषा झाली. संगणकाला हुकूम द्यायची भाषा, पण शब्द घरचे, फक्त इंग्रजी अक्षरांत टाइप केलेले. 'काढ' म्हटलं की चित्र काढायचं, 'पूस' म्हटलं की पुसायचं, 'जा' म्हटलं की सांगितलेल्या ओळीवर जायचं. एखादं काम पुन्हा पुन्हा करायचं असलं तर 'माप' म्हणायचं, खळ्यावर रास मोजतात तसं. म्हणून धान्याच्या मापावरून भाषेचं नाव पडलं पायली.

पायलीत गुरुजींनी बावीस धडे लिहिले. लेकरं शाळेला मुकतात त्या आठवड्यांचे बावीस. धड्यांत सफरचंदं नव्हती की विमानं नव्हती. उसाच्या मोळ्या होत्या, ट्रॉल्या होत्या, तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोपीच्या दारातली चूल होती, कारण लेकरांनी पाच महिने तेवढंच पाहिलेलं असायचं. पाडव्याला आलेलं लेकरू त्या काचेसमोर बसायचं आणि बुडालेला एकेक आठवडा वर काढायचं. गुरुजींना मात्र तेवढ्यावर समाधान नव्हतं. ते म्हणायचे, हे लेकरांच्या मागं तोडीच्या तळावर गेलं पाहिजे. मग त्या लाकडी टेबलावरच्या जड डब्याकडे बघून स्वतःच हसायचे.

पुढं शाळेत नवीन संगणक आले. जुना काढून टाकायचा तर तो दुरुस्त होत नाही अशी मेकॅनिकची चिठ्ठी लागत होती. ती चिठ्ठी मकसूद चाचांनी दिली. गुरुजी त्या दिवशी ट्रेनिंगसाठी आष्टीला गेलेले. परत आले तेव्हा टेबलावर धुळीत एक चौकोन तेवढा उरला होता. चालते धडे त्या डब्यातच होते. त्या दिवसानंतर गुरुजींनी मकसूदचं नाव घेतलं नाही आणि पायलीचंही घेतलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, वेळ घालवायचा उद्योग होता तो.

यंदा कार्तिकात सत्यशीला औषधाचे जुने कागद शोधत पत्र्याची पेटी उपसत होती. तळाला, छबुबाईच्या लग्नातल्या शालूखाली, कडेला भोकं असलेल्या कागदाची लांबलचक घडी निघाली. प्रिंटरवर छापलेली पायली. बावीसच्या बावीस धडे, आणि भाषेच्या पोटातला हिशेबही, कोणत्या शब्दाचा अर्थ काय त्याची यादी. शेवटची काही पानं वाळवीनं खाल्ली होती. सत्यशीला ती घडी मांडीवर घेऊन पेटीशीच बसून राहिली. तिचं पुण्यातलं कामच हे होतं. एका भाषेत लिहिलेलं दुसऱ्या यंत्राला कळेल असं करून देणारा कंपायलर ती रोज लिहीत होती, परक्या लोकांच्या परक्या भाषांसाठी.

कंपायलरला दोन तोंडं असतात. पुढचं तोंड माणसानं लिहिलेलं वाचतं, मागचं तोंड ते यंत्राच्या बोलीत सांगतं. पायलीचं वाचणारं तोंड तिनं आठवड्यात उभं केलं. सांगणाऱ्या तोंडाला, ज्याला तिच्या कामात बॅकएंड म्हणतात, दीड महिना लागला. जुनी पायली ज्या यंत्राशी बोलायची ते यंत्र आता जगात नव्हतं. नवीन पायली बोलणार होती ब्राउझरशी. ब्राउझर प्रत्येक फोनमध्ये असतो, उसाच्या फडातल्या फोनमध्येसुद्धा. काही टाकून घ्यायचं नाही, नुसत्या लिंकवर बोट ठेवायचं, आणि एकदा उघडलं की मग रेंज गेली तरी अडत नाही. ऊस तोडायला गेलेल्या माणसाला कुठं असते रेंज?

सगळ्यात जास्त छळलं ते 'जा'नं. गुरुजींच्या धड्यांत पानोपानी होतं, चुकलं तर मागं जा, अमक्या ओळीवर जा. ब्राउझरमधल्या यंत्राला असं मनाला येईल तिथं जाता येत नाही. ते ज्या कोंडाळ्यात उभं असेल त्यातून बाहेर पडू शकतं, किंवा त्याच कोंडाळ्याच्या तोंडाशी येऊन पुन्हा सुरुवात करू शकतं. सोडून आलेल्या ओळीवर परत उडी मारणं त्याला ठाऊकच नाही. मग सत्यशीलेनं प्रत्येक धडा उसवला, त्याच्या ओळींचे तुकडे केले आणि एकात एक कोंडाळी घालून तो पुन्हा शिवला, म्हणजे मागं जाणं हे पुन्हा सुरुवातीला येणं होईल. वडील शेजारी कण्हत असायचे. ती उठून त्यांना कुशीवर वळवायची, पाठीला तेल लावायची आणि परत येऊन शिवायला बसायची. गुरुजी विचारायचे, कंपनी इतकं काम करून घेते का गं? ती हो म्हणायची.

सांगितलं असतं तर? हे तिच्या मनात रोज यायचं. पण पायलीचं नाव काढलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते तिनं पाहिलं होतं. तिला वाटलं, आधी चालू करावं, मग दाखवावं. चालताना बघितलं की त्यांना काही बोलावंच लागणार नाही.

छापील कागदावर मापाच्या दोन तऱ्हा होत्या. काही धड्यांत 'माप लाभ ते दहा', काहींत 'माप बरकत ते दहा'. लाभ तिला ठाऊक होता. खळ्यावर पहिली पायली भरताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, मग दोन, तीन. कागदावरच्या यादीतही लाभपुढं एकच लिहिलेलं होतं. बरकतपुढं लिहिलं होतं शून्य. सत्यशीलेला त्याचं कौतुकच वाटलं. संगणकवाले शून्यापासून मोजतात, हे या दोघांना तेव्हाही कळत होतं म्हणायचं. तिनं तसं घातलं आणि पुढं गेली.

पौषाच्या पहिल्या आठवड्यात तिनं लिंक धनश्रीला पाठवली. धनश्री गुरुजींची जुनी विद्यार्थिनी, त्या काचेसमोर बसून शिकलेली. आता स्वतःच नवऱ्याबरोबर तोडीला जात होती आणि तिची दोन लेकरं तळावर होती. दुपारी तिचा फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, वारं, आणि पाचटाचा सळसळाट. ती म्हणाली की पहिले सहा धडे लेकरांनी जेवायच्या आत उडवले, आता फोन देईनात. मग आवाज बारीक करून म्हणाली, "ताई, ती चूल निघाली बघा काचंवर, अन् मला गुरुजीच दिसले. कसे हायेत ओ?"

सत्यशीलेनं सांगितलं.

त्याच दिवशी, ऊन खिडकीतून खाटेवर आलं तेव्हा, तिनं वडिलांना उशीला टेकवून बसवलं आणि लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. मुद्दाम तशीच ठेवली होती. पायली.

गुरुजींनी चष्मा मागितला. छबुबाईनं तो पदरानं पुसून त्यांच्या कानांवर बसवला. त्यांनी पडद्याला बोट लावलं, जसं झोपलेल्या लेकराच्या गालाला लावतात. लेकीनं सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं, पेटीत सापडलेल्या कागदाचं, धनश्रीच्या लेकरांचं, फडातल्या फोनचं. मग म्हणाले, "सात नंबर लाव."

सातवा धडा त्यांचा सगळ्यात लाडका. मोळ्या मोजायचा. एक माणूस येतो, मोळी टाकतो, जातो, पुन्हा येतो, आणि शेवटी खाली विचारतो, मोळ्या किती झाल्या? सत्यशीलेनं तो तपासला होता. चित्र येत होतं, उत्तर घेत होतं. मोळ्या तिनं मोजल्या नव्हत्या.

गुरुजी मोजत होते. बोट एकेका मोळीवर टेकवत, ओठ हलवत. शेवटच्या मोळीवर बोट थांबलं. परत पहिल्यापासून मोजलं. मग धडा त्यांना म्हणाला, उत्तर दहा.

"अकरा हायेत," गुरुजी म्हणाले.

सत्यशीलेनं वाकून बघितलं. अकरा होत्या. ती घाईघाईनं म्हणाली की चूक तिचीच असेल, ती बघते, लगेच दुरुस्त होईल. गुरुजींनी मान हलवली. यंत्र सांगितलेलं तेवढंच करतं, हे त्यांनीच तिला तिसरीत शिकवलं होतं. त्यांनी तो छापील कागद मागितला. सातव्या धड्याची ओळ शोधली, यादी शोधली, बरकतपुढचं शून्य बघितलं आणि बोटांवर हिशेब केला. शून्य ते दहा, अकराच होतात. कागद त्यांनी घडी करून तिला परत दिला.

"किती लेकरं बसवली मी त्याच्यापुढं," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडं वळले.

सत्यशीलेनं उरलेला दिवस कागदावर घालवला. तिच्या कामात चूक सापडेना. जे लिहिलं होतं तेच ती यंत्राला सांगत होती. वाळवीनं खाल्लेल्या पानांत काही असेल तर ते वाळवीला ठाऊक. दहाच्या जागी नऊ घालून आकडा जुळवता आला असता, पण ते वडिलांच्या लिहिण्यावर बोळा फिरवल्यासारखं झालं असतं, आणि त्यांना ते कळलं असतं. दिवेलागणीला तिच्या मनात एक वाईट विचार येऊन गेला, की खरंच अण्णाच चुकले असतील का. तिला स्वतःची लाज वाटली.

सकाळी ती चहाची बशी त्यांच्या ओठांना लावत होती. त्यांनी दोन घोट घेतले, तोंड बाजूला केलं आणि डोळे मिटूनच म्हणाले, "बरं झालं भंगारात गेलं ते."

छबुबाई चुलीशी होती. तिनं ते ऐकलं. तेरा वर्षं तिनं त्या डब्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ती उठून लेकीपाशी आली आणि हळू म्हणाली, "गेवराईला जा. त्याला इचार. दुसरं हाय कोण?"

पाटोद्याहून बीड, बीडहून दुसरी गाडी. सत्यशीला गेवराईला उतरली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मकसूद चाचांचं दुकान हायवेपासून आत, गल्लीत. आता तिथं मोबाईलची काच बदलून मिळते. गल्ल्यावर त्यांचा लेक हारिस होता, चाचा मागच्या खोलीत. दाढी पांढरीशुभ्र, हात मात्र तसेच, बारीक स्क्रू उचलावेत असे. त्यांनी तिला ओळखलं नाही. तिनं कागदाची घडी समोर ठेवली, ती मात्र लगेच ओळखली.

त्यांनी चिठ्ठीची गोष्ट स्वतःहून सांगितली. पडद्याची काचेची नळी, पिक्चर ट्यूब, गेली होती, असली नळी हैदराबादलाही मिळत नव्हती, तीन ठिकाणी विचारलं होतं. हेडमास्तरांनी विचारलं, दुरुस्त होईल का? त्यांनी खरं ते लिहून दिलं. धडे मास्तरनं दुसरीकडं उतरवून घेतले असतील असंच त्यांना वाटलं होतं. नंतर दोनदा पाटोद्यापर्यंत आले, स्टँडवर चहा प्यायला आणि माघारी फिरले. "काय सांगू त्याला? नळी गेलती म्हनून? त्याला नळी थोडीच पायजे हुती," ते म्हणाले.

मग सत्यशीलेनं लॅपटॉप उघडून सातवा धडा लावला. चाचा हसत बघत होते. अकरावी मोळी पडली तसं त्यांचं हसू थांबलं.

"पैली मोळी दिसली कशी?" त्यांनी विचारलं. "ती बरकत हाय."

तिला कळेना. चाचांनी मग टेबलावरचे स्क्रू एका डबीत भरले आणि करून दाखवलं. त्यांचे अब्बा गाड्यावर बोरं, शेंगा विकायचे. गिऱ्हाईक आलं की पहिलं माप काठोकाठ भरायचे, बरकत म्हणायचे, आणि ते गिऱ्हाइकाच्या पिशवीत नाही, आपल्याच राशीवर परत ओतायचे. मग भरायचं ते एक. पहिला हात फिरला पाहिजे, पण त्यातलं काही बाहेर जायचं नाही. त्यांच्या घरची रीत होती ती. आणि तो जुना संगणक तसाच होता. पहिलं चित्र काचेवर फरफटायचं, पहिली मोळी नेहमी वाकडी यायची. गुरुजी वैतागले होते. तेव्हा चाचांनीच सुचवलं, एक फेरा कोरा फिरवू. यंत्र सगळं करील, चालील, हात उचलील, फक्त चित्र उमटवणारा पेन टेकवायचा नाही. त्या फेऱ्याला नाव काय द्यायचं? बरकत. गुरुजी इतके खूश झाले होते की त्यांनी त्या दिवशी डबा पूर्ण खाल्ला होता. पेन उचलायचा नियम शेवटच्या पानांवर होता.

सत्यशीला ऐकत राहिली. घर शेतकऱ्याचं, लाभ म्हणत वाढलेली, आणि बरकतीला तिनं शून्य समजलं होतं. कामावर जसं समजतात तसं.

"अण्णा विसरले कसे, चाचा?" तिनं विचारलं.

"बेटा, आजारी मानूस. त्यात कागदावर शून्य लिव्हलेलं दिसलं. मास्तर लिव्हलेल्याला मानतो." चाचा उठले, खुंटीवरची टोपी घेतली. "मी येतो. मीच सांगतो त्याला. चल."

गाडीत बसायला जागा मिळाली. चाचांनी तिची बॅग पोटाशी धरली आणि तिनं मांडीवर लॅपटॉप ठेवून दुरुस्ती केली. दीड महिन्याच्या कामातल्या चार ओळी. बरकतीच्या फेऱ्याला पेन वर. खड्ड्यांत बोटं घसरत होती. बीडच्या स्टँडवर दुसऱ्या गाडीची वाट बघताना तिनं घरी फोन लावला. छबुबाई म्हणाली, ये लवकर, आणि फोन ठेवला.

पोचले तेव्हा दिवस कलला होता. दारात दोन-चार चपला, शेजारच्या म्हाताऱ्या ओसरीवर. माजघरात गुरुजी उताणे होते, तोंड थोडं उघडं, श्वास लांब अंतरानं येत होता. दुपारी दोन घोट पाणी घेतलं, मग हाकेला ओ दिलीच नाही, असं छबुबाईनं सांगितलं. मकसूद चाचांना बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाटेच्या कडेची जागा सोडली.

चाचा बसले. तेरा वर्षांनी शेजारी बसले. पडद्याचा काही उपयोग नव्हता, डोळे मिटलेले होते. त्यांनी गुरुजींचा उजवा हात उचलून आपल्या हातावर उताणा ठेवला.

"मास्तर, मी मकसूद. ऐकतो ना?" ते कानाशी वाकून म्हणाले. "दहाच हायेत. पोरीनं बरकतीची बी मोळी काढली, म्हनून अकरा दिसल्या. आपलं बरोबर हुतं. लेकरांला आपन बरोबरच शिकवलं."

श्वास आला, गेला.

"बघ, मोजतो," चाचा म्हणाले, आणि त्यांनी आपलं बोट त्या तळहाताच्या वर नुसतंच फिरवलं, टेकवलं नाही. बरकत म्हणाले. मग एक म्हणून बोट टेकवलं. मग दोन. प्रत्येक आकड्याला थोडं दाबत, थोडं थांबत. सत्यशीला खाटेच्या पायथ्याशी उभी होती, लॅपटॉप हातावर उघडा. त्यांच्या मोजण्याबरोबर तिनं सातवा धडा सोडला होता. पहिला फेरा कोरा गेला. मग एक मोळी पडली. चाचा सहा म्हणाले, सहावी पडली. नऊ. दहा.

"ऐकलं," चाचा एकदम म्हणाले. "दहाला बोट मिटलं त्यानं. माझं बोट धरलं."

छबुबाई दुसऱ्या बाजूला उभी होती. ती हळू म्हणाली, "न्हाई भाऊ. हात तुमीच धरलाय."

"धरलं, वैनी. मला कळलं."

"मी बघत हुते ना. न्हाई हलले ते." तिला रडू नव्हतं येत, आवाज कोरडा होता. "दुपारपासून न्हाई हलले."

दोघांनीही मग सत्यशीलेकडे बघितलं. चाचांचा हात अजून गुरुजींच्या हाताखाली तसाच होता. "बेटा, तू सांग," ते म्हणाले. "तू समोरच हुतीस."

सत्यशीलेनं वडिलांच्या बोटांकडं बघितलं. ती अर्धी मिटलेली होती, झोपेत असतात तशी. आधी कशी होती ते तिला ठाऊक नव्हतं. ती पडद्याकडे बघत होती. दहा होतात का ते बघत होती.